कॅम्पिंगचा मिसळणाचा डबा: काय न्यायचं, किती न्यायचं आणि जेवण वाया कसं जाऊ द्यायचं नाही

ठाण्याहून किंवा खारघर-पनवेलहून शनिवारी सकाळी कॅम्पला निघालेल्या कुठल्याही गाडीची डिकी उघडून बघा. माणसं आठ, रात्र एक, आणि सामानात एक किलोची मिठाची पिशवी, तेलाचा लिटरचा पाऊच, सॉसच्या दोन बाटल्या, तीन वेगवेगळे चिकन मसाले, लोणच्याची अख्खी बरणी आणि वरून मेयोनीज. हे सगळं लागतं म्हणून आलेलं नसतं, तर ग्रुपवर प्रत्येकाने "मी लोणचं आणतो", "माझ्याकडे सॉस आहे" असं टाकलं आणि कुणी हिशोबच केला नाही म्हणून आलेलं असतं. रविवारी परत निघताना उघडलेली बाटली गाडीत सांडेल म्हणून कुणालाच परत न्यायची नसते, मग ती पवनेच्या काठावर, भंडारदऱ्याला, नाहीतर पायथ्याच्या गावात शाळेच्या मागे राहते.

पण माझा मुद्दा नुसत्या बाटल्यांचा नाहीये. कॅम्पवर अन्न वाया जातं त्याचं मोठं कारण मसालाच असतो. हेडलॅम्पच्या उजेडात, मोठ्या पिशवीतून मुठीने मीठ पडतं, तिखटाचं पाकीट एकदम रिकामं होतं, रस्सा कुणालाच खाता येत नाही आणि अख्खं पातेलं तसंच राहतं. म्हणजे दोनशे रुपयांच्या मसाल्यापायी दोन किलो चिकन जातं. मीठ-मसाला घरी ओट्यावर, उजेडात, जेवणानुसार मोजून बांधला की कॅम्पवरचं निम्मं वाया जाणं तिथेच थांबतं. आता हे कसं करायचं ते सुरुवातीपासून सांगते.

आधी जेवणं लिहा, सामान नंतर

गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं काढा आणि कागदावर फक्त जेवणं लिहा. शनिवारी निघून रविवारी दुपारी परत, असा साधा कॅम्प धरला तर शनिवार दुपार, संध्याकाळचा चहा आणि काहीतरी चटकमटक, रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता, बस. रविवारचं दुपारचं जेवण वाटेत होणार असेल तर ते लिस्टमध्ये धरूच नका, बरेच लोक "असू दे, लागेल" म्हणून पाचव्या जेवणाचं सामान घेतात आणि तेच उरतं.

शनिवार दुपारचं जेवण घरून न्यायचं. पोळ्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, फार तर दशम्या किंवा मेथीचे ठेपले. हे जेवण गाडीत किंवा कसारा-कर्जत लोकलमधून उतरल्यावर होतं आणि त्याला तिथे काही शिजवायचं नसतं, भांडं लागत नाही.

मग प्रत्येक जेवणापुढे माणसं लिहा. नुसतं "आठ" नको. मुलं किती, उपवास कुणाचा, रात्री नॉनव्हेज न खाणारे किती, जैन कुणी आहे का. शनिवारी व्हेज खाणारे आपल्याकडे खूप असतात हे निघायच्या आदल्या रात्री आठवतं आणि मग चिकन तेवढंच राहून वर पनीरही घेतलं जातं.

आणि एकच माणूस मसाल्याचा मालक ठरवा. बाकीच्यांनी या खात्यात काहीही आणायचं नाही, प्रेमानेसुद्धा नाही. ज्याला अमुक चटणीशिवाय जेवण जात नाही त्याने त्या माणसाला सांगायचं, तो तेवढी बांधून घेईल. हे ग्रुपवर स्पष्ट लिहा, कुणी रागवत नाही.

काय न्यायचं

माझा नियम असा, जी वस्तू किमान दोन जेवणांना उपयोगी पडत नाही ती डब्यात जात नाही. या एका नियमाने लिस्ट आपोआप छोटी होते. मीठ, हळद, एकच घरचा तिखट मसाला, मोहरी-जिरं, हिंग, तेल, आमसूल, थोडा गूळ, एक कोरडी चटणी, थोडं लोणचं, लिंबं. झालं. एवढ्यात पिठलं, खिचडी, चिकन, पोहे, आमटी सगळं होतं.

तिखट मसाला एकच का, तर घरचा चांगला मसाला सगळीकडे चालतो. आपल्याकडे आगरी मसाला असतो, कुणाकडे मालवणी, घाटावरच्यांकडे कांदा-लसूण मसाला. त्याच मसाल्यात चिकन होतं, त्याच मसाल्यात बटाट्याचा रस्सा आणि त्याचाच चिमूटभर पिठल्यात. तयार पाकिटांत बऱ्याचदा मीठ आधीच असतं आणि ते किती हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे दोन पाकिटं मिसळली की मिठाचा अंदाज पूर्ण जातो. घरच्या मसाल्यात साधारण मीठ नसतं (असेल तर घरी चाखून बघा आणि डबीवर लिहा).

कोरड्या चटण्या हा आपल्याकडचा खजिना आहे, कॅम्पला सॉस, डिप वगैरेंची गरजच पडत नाही. शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची, जवसाची, यातली कुठलीही एक घ्या. पाणी नसल्यामुळे उन्हातही दिवस-दोन दिवस काही होत नाही, भाकरीबरोबर चालते, भातावर तेल घालून चालते, पोह्यावर भुरभुरता येते, रस्सा सपक झाला तर त्यात ढवळता येते. सुकं खोबरं घातलेली लसणाची चटणी महिनाभर जुनी असेल तर आधी वास घ्या, खोबऱ्याला खवट वास लवकर लागतो. मेतकूटही फार कामाचं, मुलांसाठी मऊ भात, तूप, मेतकूट केलं की त्यांचं जेवण वेगळं करावं लागत नाही आणि त्यांच्या ताटात तिखट रस्सा उरत नाही.

काय नको ते पण सांगते. ओल्या नारळाची चटणी नको, गरमीत काही तासांत आंबते. मेयोनीज, चीज स्प्रेड नको, पाकिटावर "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा" असं ज्यावर लिहिलंय ते सगळंच टाळा. दही लावून मॅरिनेट केलेलं चिकन आइसबॉक्स नसेल तर अजिबात नको. तेलात बुडवून ठेवलेली कच्च्या लसणाची पेस्ट बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, तेलाखाली हवा नसते आणि तिथे विषारी जिवाणू वाढू शकतात, दिसायला काही दिसत नाही. त्यापेक्षा अख्खा लसणाचा गड्डा न्या आणि तिथेच तांब्याच्या बुडाने ठेचा. हिरवी चटणी पाहिजेच असेल तर मिरची, लसूण, शेंगदाणे तेलावर परतून, पाणी न घालता ठेचा करा आणि शनिवारी रात्रीच संपवा.

किती न्यायचं, आता खरं काम

इथे लोक "थोडं थोडं घेऊ" म्हणतात आणि तिथेच फसतात. घरातला छोटा वजनकाटा काढा, नसेल तर चहाचा चमचा वापरा. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे मीठ साधारण 6 ग्रॅम, हळद 3 ग्रॅम, साखर 4 ग्रॅम. मोठा चमचा तेल म्हणजे 15 मिली.

आठ मोठी माणसं, एक रात्र, रात्री चिकन-भात-भाकरी, सकाळी पोहे, तीन वेळा चहा, असं धरून आमचा हिशोब असा असतो:

मीठ 100 ग्रॅम
तेल 300 मिली
तिखट मसाला 50 ग्रॅम
हळद 10 ग्रॅम
मोहरी-जिरं मिळून 20 ग्रॅम, हिंग अर्धा चमचा
कोरडी चटणी 150 ग्रॅम
लोणचं 100 ते 120 ग्रॅम
साखर 200 ग्रॅम, चहा पावडर 60 ग्रॅम
लिंबं 5, आलं बोटभर, लसणाचे 2 गड्डे, मिरच्या 12-15

मीठ 100 ग्रॅम बघून लोक घाबरतात, पुरेल का म्हणतात. मोजून बघा. पावणेदोन किलो चिकनच्या रश्शाला 30 ग्रॅमच्या आसपास, भाताला 8-10, सहाशे ग्रॅम पोह्यांना 12-15, कोशिंबीर आणि वरून घ्यायला अजून 10. सत्तरच्या आतच होतं, बाकीचं हाताशी. किलोची पिशवी नेली तर नऊशे ग्रॅम मीठ फिरायला नेलं आणि दमट हवेत ओलं करून परत आणलं.

तेलाचंही तसंच. चिकनला 120 मिली, पोह्यांना 80, बाकी फोडण्या आणि चटणीवर घ्यायला. लिटरचा पाऊच एकदा कापला की तो उभा ठेवता येत नाही आणि उरलेलं तेल कुणीतरी चुलीत ओततं, हे फार वाईट वाटतं बघायला.

बाकी धान्याचंही इथेच सांगते कारण मसाला त्यावरच अवलंबून आहे. बरोबर भाकरी असेल तर तांदूळ माणशी 60-70 ग्रॅम बास, नुसता भात-रस्सा असेल तर 90-100. खिचडी करायची तर तांदूळ-डाळ मिळून 90-100 ग्रॅम. पोहे माणशी 70-75. चिकन हाडांसकट माणशी 200 ते 225 ग्रॅम. पिठल्याला बेसन माणशी 25-30 ग्रॅम. मुलांचं अर्धं धरा. "डोंगर चढून आल्यावर भूक जास्त लागते" हे खरं आहे पण ती भूक संध्याकाळी पाच वाजता लागते, रात्री नऊला नाही, पाच वाजता भेळ-चहा झाला की रात्री माणूस रोजच्याइतकंच जेवतो, म्हणून रात्रीचं वाढवू नका, पाचचं नीट ठेवा. चुरमुरे, फरसाण, कांदा, कैरीच्या दिवसात कैरी, आणि तीच कोरडी चटणी. ओली चटणी न नेताही चांगली भेळ होते.

जेवणानुसार पुड्या बांधा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. मोजलेलं सगळं एका डब्यात न टाकता जेवणाप्रमाणे वेगळं करा. "शनिवार रात्र, चिकन" या डबीत हळद, तिखट मसाला आणि ठरलेल्या मिठातलं पाऊण मीठ एकत्र. "रविवार पोहे" या डबीत हळद, मीठ, साखर. उरलेलं पाव मीठ वेगळ्या छोट्या डबीत, चव बघून वरून घालायला. अंधारात कुणीही स्वयंपाक करू दे, अगदी पहिल्यांदा चूल बघणारा असू दे, डबी उघडून ओतली की भाजी खारट होणं शक्यच नाही.

मोहरी-जिरं-हिंग एकाच डबीत मिसळून न्या, फोडणीला तिन्ही लागतातच. कढीपत्ता घरी तव्यावर कोरडा करून त्यातच चुरडला तर देठ-पानांचा कचराही कमी.

पिठल्याचं कोरडं मिक्स घरीच करून ठेवा, बेसन मंद आचेवर खमंग भाजायचं, गार झाल्यावर त्यात हळद, मसाला, मीठ, थोडी धणे-जिरे पूड. तिथे तेलात लसूण-मिरचीची फोडणी, एक वाटी मिक्सला साडेतीन ते चार वाट्या पाणी, मिक्स आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. याची गंमत अशी की नाही लागलं तर तसंच कोरडं परत येतं आणि मंगळवारी घरी पिठलं होतं. कॅम्पला राखीव जेवण ठेवायचं असेल तर असलंच ठेवा, ब्रेड-अंडी-पनीर नको.

कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण मात्र ओलं असतं. ते न्यायचं असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये घट्ट गोठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिकनच्या शेजारी आइसबॉक्समध्ये, आणि त्याच रात्री वापरायचं.

खरेदीबद्दल एक गोष्ट. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला गेलं की भाव बघून किलोकिलो घ्यावंसं वाटतं, घरच्या वर्षाच्या मसाल्यासाठी जा की, कॅम्पसाठी नको. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पन्नास-शंभर ग्रॅम सुटं मिळतं, आपली डबी घेऊन जा. आणि खरं तर यातलं नव्वद टक्के घरातच असतं, खरेदीची गरजच नसते.

डब्या आणि बाटल्या

कोरड्या गोष्टींना छोट्या स्टीलच्या फिरकीच्या डब्या, किंवा जॅम-मधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या (गाडीने जात असाल तर, सॅकमध्ये काच नको). घरातला गोल मिसळणाचा डबा उचलून नेऊ नका, आडवा झाला की सातही वाट्या एक होतात. प्रत्येक डबीवर कागदी पट्टी चिकटवून नाव आणि ग्रॅम लिहा, ग्रॅम का लिहायचे ते शेवटी सांगते.

तेलासाठी जाड प्लास्टिकची किंवा स्टीलची अरुंद तोंडाची बाटली. तोंडावर प्लास्टिकचा छोटा तुकडा ठेवून त्यावर झाकण फिरवा, मग बाटली जुन्या सुती फडक्यात गुंडाळा, ते फडकं नंतर पातेलं पुसायला कामाला येतं. पाण्याच्या पातळ बाटलीत तेल नेऊ नका, गाडीत तापली की झाकणातून झिरपतं.

लोणच्याला ॲल्युमिनियम किंवा पितळ चालत नाही, आंबट आणि मिठाने धातू खराब होतो. एक-दोन दिवसांसाठी स्टील चालतं, काच किंवा चांगलं प्लास्टिक उत्तम. बरणीतून काढताना फोडींबरोबर तेलही घ्या, वर तेल राहिलं पाहिजे, आणि घरची मोठी बरणी कधीच नेऊ नका कारण तिथे कुणीतरी ओला चमचा घालतोच आणि वर्षाचं लोणचं बुरसटतं. आमसुलाची आमटीही स्टीलच्या भांड्यात करा.

आता सॉसच्या छोट्या पुड्या. बऱ्याच जणांना वाटतं की सॅशे म्हणजे मोजकं, म्हणजे वाया जात नाही. सॉस वाया जात नाही हे खरं, पण ती पुडी अनेक थरांच्या प्लास्टिकची असते, भंगारवालाही घेत नाही, आणि फाडलेला कोपरा इतका छोटा असतो की गवतात पडला की सापडत नाही. आठ माणसांच्या दोन नाश्त्यांत तीस-चाळीस पुड्या सहज होतात. त्यापेक्षा सॉस हवाच असेल तर घरच्या बाटलीतून शंभर ग्रॅम छोट्या बाटलीत काढा. बाटलीवर फ्रिजचं लिहिलेलं असलं तरी टोमॅटो सॉस आंबट-गोड असल्यामुळे एका रात्रीत काही होत नाही.

ऊन, पाऊस आणि थंडी

साधा नियम, 5 ते 60 अंशांच्या मधे शिजलेलं किंवा ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि बाहेर 32 च्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये पनवेल, कर्जत, मुरबाड सगळीकडे दुपारी 32 च्या वरच असतं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून उन्हाळ्यात चिकन घरून न नेता शेवटच्या मोठ्या गावात घ्या, शहापूर, मुरबाड, कर्जत, कामशेत, जिकडे जाल तिकडे मिळतं. मसाल्याची डबी तयार आहेच, पोचल्यावर मीठ-मसाला-लिंबू-तेल लावा, अर्धा तास पुरतो. दह्याची गरज नाही.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा, ओल. मीठ निघायच्या आदल्या दिवशी तव्यावर कोरडं गरम करून, गार झाल्यावर, चार तांदळाचे दाणे टाकून भरा. चटणी, साखर, चहा पावडर यांच्या डब्या एका मोठ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा म्हणजे टेंटच्या आत पाणी आलं तरी वाचतं. पापड-कुरडया भाजून नेऊ नका, कच्चे न्या आणि निखाऱ्यावर भाजा.

थंडीत सगळ्यात सोपं, आणि थंडीत आपल्याकडे पोपटी आहे, म्हणजे मडक्यात भाजलेलं जेवण! पनवेल, पेण, अलिबागकडे डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा (वासाच्या रानटी झुडपाचा) पाला, मधे शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर चिकन, फक्त जाड मीठ आणि ओवा, पाणी नाही, तेल नाही, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं आणि भोवती जाळ. चटणी लागत नाही, रस्सा उरत नाही, पातेलं घासायचं नाही, ताटात फक्त शेंगांची टरफलं. कमी मसाल्यात पोटभर आणि चविष्ट जेवण कसं होतं हे ज्यांना बघायचंय त्यांनी एकदा पोपटीचा कॅम्प कराच. तिथल्या माणसाला मदतीला घ्या, भांबुर्डी ओळखायला आणि जाळ किती ठेवायचा ते कळायला. आग मालकाच्या परवानगीने, शेतातल्या मोकळ्या जागेत.

शिजवताना आणि वाढताना

भात सगळ्यात शेवटी टाका. लोक जेवायला बसताना कुणाला किती भूक आहे ते कळतं, रस्सा बघून दोघं म्हणतात आम्ही भाकरीच खाणार, मग तांदूळ तेवढे कमी करता येतात. कच्चा तांदूळ परत येतो, शिजलेला येत नाही.

रस्सा मुद्दाम थोडा कमी तिखट, कमी मीठ ठेवा आणि मधोमध एका जागी डब्या मांडा: मीठ, मसाला, चटणी, लिंबू, तेल. ज्याला पाहिजे तो वरून घेईल. घरातल्या आजीपासून शाळेतल्या पोरापर्यंत एकच पातेलं सगळ्यांना चालतं, आणि तिखट झालं म्हणून कुणाचं ताट टाकलं जात नाही. प्रत्येक डबीत तिचा स्वतःचा कोरडा चमचा, तो ताटाला लावायचा नाही, लोणच्याच्या बाबतीत तर अजिबात नाही.

भाकऱ्या गावात सांगणार असाल तर आकडा सांगा. "ताई, भाकऱ्या करून द्याल का" एवढं म्हटलं की त्या पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून माणशी तीनच्या हिशोबाने करतात, त्यांचा जीवच तसा असतो. माणशी दीड धरा, आठ जणांना बारा, वेळ ठरवून सांगा आणि पैसे आधी द्या. पिठलं-भाकरी गावातच घ्यायची असेल तर मग आपला स्वयंपाक त्या वेळी करूच नका, दोन्ही करायला जातात आणि एक उरतं.

तंबूवाल्यांच्या तयार कॅम्पला, म्हणजे पवनेच्या बाजूला असतात तसल्या ठिकाणी जात असाल तर तिथे सगळं मिळतंच, फोनवर नेमकी माणसं, व्हेज किती, मुलं किती ते सांगा आणि सोबत फक्त आपली चटणी-लोणच्याची डबी. बार्बेक्यूचे तुकडे एकदम ताटभर न घेता दोन-दोन घ्या, उरलेलं ते लोक दुसऱ्या ग्रुपला देऊ शकतात, तुमच्या ताटातलं उष्टं नाही.

उरलंच तर

शिजलेला भात रात्रभर ठेवून सकाळी फोडणीचा करायचा हा घरचा हिशोब कॅम्पवर लावू नका. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. घरी फ्रिज असतो, तिथे नसतो. म्हणून भात कमीच.

भाकरी-पोळीचं तसं नाही, फडक्यात गुंडाळून ठेवली तर सकाळी छान कुस्करा होतो, पोह्यांच्या जागी तोच करा आणि पोहे कोरडे परत न्या. उकडलेले बटाटे सालासकट ठेवू नका, त्याच रात्री निखाऱ्यावर भाजून, मीठ-मसाला लावून वाटून टाका, कुणी नाही म्हणत नाही. कांदा, लिंबू, लसूण, मिरची तसेच परत येतात.

न उघडलेलं किंवा कोरडं सामान, तांदूळ, बेसन, साखर, गावात द्यायचं असेल तर स्वच्छ बांधून, विचारून द्या. ताटातलं, शिळं, वास येणारं अन्न गावच्या माणसांना "कुणीतरी खाईल" म्हणून देणं बरोबर नाही. गुरांना द्यायचं तरी मालकाला विचारा, मसाल्याचा रस्सा आणि ढीगभर भात गुरांना सोसत नाही.

माकडं, कुत्रे, आणि येऊरची गोष्ट

गडांवर माकडांना वेफर आणि बिस्किटं माहीत झालीत, ती आता टेंटची चेन उघडतात. मसाल्याचा डबा आणि कचऱ्याची पिशवी दोन्ही रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, गाडी जवळ असेल तर गाडीत. चिकनची हाडं आजूबाजूला फेकू नका, त्यावर कुत्रे येतात, आणि जंगलाच्या कडेला बिबट्या कुत्र्यांवरच येतो. ठाणेकरांना हे सांगायला नको, येऊर आपल्या दारात आहे आणि ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे आत रात्रीचा तंबू आणि चूल हा विषयच नाही, दिवसा फिरायला गेलात तरी डबा खाऊन खरकटं परत आणायचं. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातही गेटवर बॅगा बघून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि डिपॉझिट घेतात, त्यामुळे सुट्या डब्यांत नेणाऱ्याला तिथे काही त्रासच होत नाही.

भांडी आणि खरकटं

पातेलं धुण्याआधी पुसा. भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्लं तर उत्तम, नाहीतर त्या तेलाच्या फडक्याने, मग राख आणि थोडं पाणी. तेलकट रस्सा पाण्यात गेला की तवंग लांबपर्यंत पसरतो, आणि गडावरची टाकी तर लोकांच्या प्यायच्या पाण्याची असतात, त्यात भांडं बुडवायचंच नाही, साबण तर लांबच. पाणी बाजूला काढून घ्या, तळं-ओढा-टाक्यापासून साठ मीटर लांब धुवा, शितं गाळून कचऱ्यात टाका आणि पाणी पसरून ओता.

ताटं घरून स्टीलची किंवा पत्रावळी. थर्माकोलची ताटं 2018 पासून महाराष्ट्रात बंद आहेत, तरी पॅकेटं येतात कुठून कोण जाणे.

कांद्याची सालं, लिंबाच्या फोडी, हाडं पुरून टाकायचा मोह होतो, पण रानडुकरं आणि कुत्रे उकरतात. झाकणाची छोटी बादली न्या, तळाला वर्तमानपत्र, वरून चुलीची गार झालेली राख टाकत राहा, वास येत नाही. घरी आल्यावर ओल्या कचऱ्याच्या डब्यात, सोसायटीत खत करत असतील तर तिथे. लिंबाच्या पिळलेल्या फोडी मात्र वेगळ्या आणा, मीठ लावून बरणीत टाकल्या की लोणचं होतं.

परत आल्यावर

रविवारी रात्री दमलेलं असतं तरी डब्या सोमवारी संध्याकाळपर्यंत उघडाच. उरलेलं वजन करा आणि डबीवरच्या आकड्याशेजारी लिहा, मीठ 100 नेलं 28 आलं, तेल 300 नेलं 40 आलं, चटणी 150 नेली, काही आली नाही. हा कागद ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी माणसं बारा असतील तर याच आकड्यांवरून दीडपट करायची, आणि दोन-तीन कॅम्पनंतर तुमच्या ग्रुपचं स्वतःचं माप तयार होतं, माझ्या वरच्या मापापेक्षा ते जास्त बरोबर असेल कारण तुमच्याकडे तिखट किती खातात ते मला माहीत नाही.

मोहरी-जिरं, हळद, आमसूल घरच्या डब्यात परत ओतू नका, दमट हवा खाऊन आलेलं असतं, दोन-तीन दिवसांत आधी तेच वापरून संपवा. तेलही आधी तेच. लोणचं आणि चटणीची डबी जेवणाच्या टेबलावर ठेवा म्हणजे संपते. रिकाम्या डब्या धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, पट्ट्या तशाच ठेवून एका पिशवीत. हिंगाच्या डबीला दुसरं काही भरू नका, तो वास जात नाही, ती हिंगाचीच राहू द्या.